दम आला, म्हणजे झालं?

नागपूर, ता. १३ ऑगस्ट १९३७

चि. मारोतीस, तुझ्या थोरल्या बहिणीचे, बाईचे आशीर्वाद.

घरी सगळे धडधाकट आहेत, असं लिहिणार होते. पण तसं असतं तर मी पत्र कशाला लिहिलं असतं? बाबा धडधाकट आहेत. त्यांचा राग तर त्यांच्याहूनही धडधाकट. तू हातमाग सोडून बऱ्हाणपूरच्या गिरणीत गेलास, त्याला तीन वर्षं होतील. अजून तुझं नाव घेत नाहीत. अगदीच अडलं तर 'तो बऱ्हाणपूरवाला' म्हणतात. म्हणून हे पत्र मी माझ्या घरून लिहिते आहे. सासर दोन गल्ल्यांवर असण्याचा एवढा तरी फायदा.

आता खरं सांगते. आपल्या धाकट्या गिरीच्या डोक्याला लागलं आहे.

नागपंचमीला कन्हानकरांशी आपल्या मंडळाचा हुतूतूचा सामना असतो, हे तुला मी काय सांगू? तू गेल्यावर तुझी कप्तानकी तुझ्या धाकट्या भावाकडेच आली. यंदा कन्हानचा कप्तान ताराचंद चढाईवर आला. कोळशाच्या खाणीत काम करणारा माणूस. त्याच्या एका मांडीत आपला अख्खा गिरी मावेल. गिरीनं झेप घेऊन त्याचा पाय धरला आणि ताराचंदचा गुडघा गिरीच्या कानशिलावर बसला. ताराचंदनं मुद्दाम केलं नाही, तो रेघेकडे परत पळत होता. गिरी पडला तो हललाच नाही. मी मैदानाच्या कडेच्या ओट्यावर उभी होते.

पुढे नेहमीचंच. तोंडावर पाण्याचा लोटा, पाठीत थापा, आणि मंडळाचे देवरावकाका ओरडून राहिलेले, "दम घे गा गिरी, दम घे!" गिरी उभा राहिला. डोळे कुठेतरी लांब लागलेले, पण तोंडानं हुतूतूतू सुरू झालं, ते थेट टोकाला ऐकू आलं. दम आला म्हणजे गडी बरा, हा आपल्याकडचा कायदा. लगेच त्याला चढाईवर धाडला. त्यानं तिघांना बाद करून सामना जिंकून दिला. मग काय विचारतोस! खांद्यावर बसवून घरी आणला. बाबा फेटा बांधून पुढे, जशी वरात निघाली.

घरी आल्यावर गिरीनं खाल्लेलं सगळं ओकून टाकलं. मला विचारतो, "बाई, आज कोणता सण आहे वं?" मी सांगितलं. पाणी प्यायला आणि पुन्हा तेच विचारलं. बाबा म्हणाले, थकला आहे.

दुसऱ्या दिवशी त्याला ओढतच महाल भागात डॉक्टर मनोहररावांकडे नेलं. त्यांनी डोळ्यात बत्ती धरून पाहिलं, एका रेघेवर चालायला लावलं. म्हणाले, "रक्त आलं नाही म्हणजे इजा नाही, असं नसतं बाई. मेंदू आतल्या आत हादरला आहे. विश्रांती हवी. आणि खेळ तर डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत बंद. हा मार बरा व्हायच्या आधी दुसरा बसला, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी गिरीचं डोकं नारळासारखं चाचपलं आणि म्हणाले, "कुठं फुटलं? दाखव मले. डॉक्टरले काही तं सांगाच लागते."

दसऱ्याला ढालीचा शेवटचा सामना आहे, पुन्हा कन्हानकरांशीच. गिरी म्हणतो, खेळणारच. माझं तो ऐकत नाही. बाबांना ऐकायचं नाही. राहिलास तू. तू गेलास त्या दिवशी पोरगा जेवला नव्हता, हे तुला कोणी कळवलं नसेल, मी कळवते. एक पत्र लिही त्याला. दसऱ्याला खेळू नको म्हण. तुझ्या शब्दावर तो मैदानात उतरला होता, तुझ्याच शब्दावर बाहेर येईल.

तुझी बाई,
पंचफुला


नागपूर, ता. २७ ऑगस्ट १९३७

चि. मारोतीस आशीर्वाद, आणि त्याबरोबर एक टपली.

अरे शहाण्या, कार्ड! उघडं कार्ड! आपल्या गल्लीचा पोस्टमन तू विसरलास? ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवता दाखवता त्याला सगळीच पत्रं मोठ्यानं वाचायची सवय लागली आहे. त्यानं ओट्यावरूनच सुरुवात केली: 'बाईने कळविले. मूर्खपणा करू नये. खेळणे ताबडतोब बंद करावे.' शाळा तपासायला येणारा साहेब बरा, तो निदान आधी नमस्कार तरी करतो. देवरावकाका शेजारीच पान खात बसले होते. मंडळाची चार पोरं होती. गिरीचा चेहरा लाल झाला. कार्डाचे तुकडे करून म्हणाला, "मैदान सोडून गिरणीत पळणाऱ्यानं मले सांगू नये."

तू पळून गेला नाहीस, हे मला माहीत आहे. पण मी ते तिथे बोलले नाही, कारण आतून बाबांच्या मागाचा आवाज थांबला होता.

आता मला भीती कशाची वाटते ते सांगते. गिरी दिवसा खिडकी लावून बसतो. उजेड खुपतो म्हणत नाही, धूळ येते म्हणतो. माझी पोरं दंगा करू लागली की स्वतःचे कान झाकून घेतो. हा तोच मुलगा ना, जो ढोल वाजला की जेवण टाकून पळायचा? मागावर बसतो, पण थोडं विणून उठतो.

परवा सकाळी शाळेत जाण्याआधी भाकरी द्यायला गेले, तर बाबा गिरीच्या मागावर बसलेले. मला वाटलं विणतायत. जवळ गेले तर विणलेलं धागा धागा मागे काढत होते. करवती काठाचे दाते चुकले होते. एक दाता मोठा, एक बारीक, एके ठिकाणी तर दाताच नाही. गिरीच्या हातचा काठ असा? आपल्या घरात हा काठ पोरं खेळता खेळता शिकतात. आणि त्याला ते दिसलंही नव्हतं, तसंच पुढे विणत गेला होता. बाबांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "धागा कच्चा होता." मी बरं म्हटलं. धागा कच्चा नव्हता, मारोती.

श्रीधरची आठवण येते. तुझ्याबरोबर खेळायचा तो. तू गेल्यानंतरची गोष्ट आहे. उमरेडच्या सामन्यात त्याला आधी असाच मार बसला. दम आला, खेळला. पुढच्याच सामन्यात पुन्हा आपटला. आता त्याची बायको रंभाबाई माग चालवते आणि श्रीधर बाजूला बसून सुताच्या कांड्या भरतो. सकाळी भरलेली कांडी दुपारी सोडतो आणि पुन्हा भरतो. मी गेले की हसून हात जोडतो. मी कोण, ते त्याला ठाऊक नसतं. रंभाबाई म्हणते, "माणूस घरात आहे बाई, तेवढं बी खूप झालं." मला तेवढं पुरणार नाही. मला माझा गिरी अख्खा पाहिजे.

तेव्हा पुन्हा लिही. पाकिटात लिही. आणि साहेबासारखं नको.

पंचफुला


नागपूर, तान्हा पोळा, ता. ५ सप्टेंबर १९३७

चि. मारोतीस आशीर्वाद.

दारात पोरांची लाकडी बैल घेऊन रांग लागली आहे, एका हातानं खाऊ देते आणि एका हातानं लिहिते. अक्षर वेडंवाकडं आलं तर बैलांना दोष दे.

गिरी पुन्हा सरावाला जाऊ लागला. म्हणून काल मी देवरावकाकांकडे गेले. एकटी. ह्यांनी येतो म्हटलं होतं, पण हे भांडताना मध्येच समोरच्याचं पटवून घेतात, म्हणून नेलं नाही.

देवरावकाका भले आहेत, तुला माहीत आहे. चहा पाजला. मग मी विचारलं, काका, डॉक्टरांनी नाही म्हटलेल्या पोराला तुम्ही मैदानात कसं घेता?

"बाई, मी स्वतः त्याले पाहिलं नं. उभा झाला, दम घेतला. असा दम, का माह्या जवानीत मले येत नव्हता. दम आला म्हणजे झालं."

मी म्हटलं, "काका, दम छातीतून येतो. लागलं डोक्याला. पाय मोडला तर तुम्ही दात पाहाल का?"

त्यावर ते हसले. मग त्यांच्या ध्यानात आलं की मी हसत नाही. म्हणाले, "आमच्या बाप-आज्यापासून असंच चालून राहिलं. पडल्या पडल्या गड्याले उभा नाही केला तं त्याच्या मनात भेव बसते. मंग तो कायमचा गेला."

"आणि श्रीधर?"

काका चहाची बशी उगाच फिरवत राहिले. मग म्हणाले, "श्रीधरचं नशीब खराब." आणि वर हेही, की मैदानातल्या गोष्टीत बायांनी पडू नये. मी म्हटलं, पडणारा माझा भाऊ आहे, मी पडणारच. आणि उठून आले. तिसऱ्या घरापर्यंत येताना मला रडू फुटलं, पण ते त्यांनी पाहिलं नाही, एवढं बरं.

मारोती, ही माणसं वाईट असती तर सोपं झालं असतं. यांना गिरीवर माझ्याइतकीच माया आहे. ते त्याला बरा समजून पाठवतायत. शिवी देऊन काम होणार नाही आणि कार्डानं तर नाहीच. तू खेळाडू आहेस. मास्तरीण बोलते तसं मी बोलून पाहिलं, आता तू खेळाडूसारखं बोलून पाहा.

पंचफुला


नागपूर, ता. २४ सप्टेंबर १९३७

प्रिय मारोती,

तुझं पाकीट पोचलं. तू ते मुद्दाम लिहिलंस की सहज, देव जाणे. तुझा स्वभाव पाहता सहजच असावं. पण त्यानं जे केलं ते डॉक्टर, मी आणि तुझं ते भिकार कार्ड, तिघांनाही जमलं नाही.

गिरीनं पत्र मला दाखवलं नाही. पण त्याच्या उशीखाली मी ते पाहिलं आणि वाचलं. मोठी बहीण आहे, माझा हक्क आहे. 'आधीचं कार्ड विसर. तू तिघांना बाद केलंस असं ऐकलं. मला ती चढाई सांग. कोणत्या बाजूनं शिरलास? पहिला कोणता गडी घेतलास? परत येताना ताराचंद कुठे होता? बारीकसारीक सगळं लिही, मला इथे मैदान दिसत नाही.' वाचताना मला तुम्ही दोघं लहानपणी अंगणात कोळशानं रेघा मारायचात ते आठवलं. वाटलं, हा काय, पोराला आणखी चढवतोय!

पण गिरी उत्तर लिहीना. नवीन टाक आणला, कागद घेऊन बसला, उठला. मग कोपऱ्यावर मंडळाच्या एका पोराला विचारताना मी ऐकलं, "काहून गा, मी डावीकडून गेलो होतो का उजवीकडून?" त्याला वाटलं गिरी चेष्टा करतो. दुसऱ्याला विचारलं. त्यानं वेगळंच सांगितलं.

मी त्याला माझ्या घरी जेवायला बोलावलं. पानावर बसल्यावर सरळ विचारलं, "गिरी, तुला ती चढाई आठवत नाही ना?"

घास हातातच राहिला. मग तो जे बोलला ते जसंच्या तसं लिहिते.

"ताराचंदचा पाय धरला, तेवढं आठवते बाई. मंग एकदम आपल्या घरातली खाट. मधात काहीच नाही. लोक खांद्यावर घेऊन आले म्हणतात, मले नाही आठवत. तिघं बाद केले म्हणतात. रोज कोणी ना कोणी पाठीवर थाप मारते, मी हसतो. ती चढाई माही नाहीच वं. माह्या अंगानं कोणी दुसऱ्यानंच केली."

मारोती, एवढा मोठा पोरगा, माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी त्याचं कानशील हातानं झाकून बसले होते. मला वाटलं, चला, आता तरी सुटलो. म्हटलं, मग दसऱ्याला खेळू नको.

उठून बसला. "त्याचसाठी तं खेळाचं आहे. एक चढाई मले माही पाहिजे. मले आठवणारी."

तो कीर्तीसाठी खेळतो असं मी समजत होते. त्याची कीर्तीच त्याला खाते आहे.

बाबांना सांगू नको म्हणाला. मी सांगितलं. बाबा मागावर होते, हात थांबले. म्हणाले, "मी रोज त्याचा काठ मागं काढून राहिलो. रोज. मले का समजत नव्हतं? समजत होतं. पण बोललो असतो तं खरं झालं असतं." आणि मग म्हणाले, "मारोतीनं विचारलं म्हणून पोरगं बोललं. नाहीतं आपण सगळे त्याले हार घालत बसलो होतो."

मारोतीनं. नाव घेतलं त्यांनी. घेतल्यावर स्वतःच खोकले आणि मला पाणी आणायला पाठवलं.

त्यांनी गिरीला खेळू नको म्हणून सांगितलंसुद्धा. गिरी म्हणाला, डोकं दुखत नाही आता. खोटं आहे ते. उन्हातून आला की भिंत धरून उभा राहतो. पण बाप तरी काय करणार, जवान पोराला मागाला बांधून ठेवणार? डॉक्टर म्हणाले, जितका वेळ काढता येईल तितका काढा. आता दसऱ्याची वाट पाहते आहे, आणि दसरा येऊ नये असंही वाटतं.

पंचफुला


नागपूर, ता. १५ ऑक्टोबर १९३७

प्रिय मारोतीस अनेक आशीर्वाद.

आधीच सांगते, गिरी ठीक आहे. समोर बसून चिवडा खातो आहे. आता नीट बसून वाच.

काल तो कच्छा कसून मैदानात उतरला. मी, ओळखीच्या चार बाया आणि रंभाबाई, ओट्यावर. रंभाबाईनं श्रीधरलाही आणलं होतं. बाबा रेघेच्या अगदी जवळ बसले. फेटा बांधला नव्हता, उपरणंच खांद्यावर होतं. पाऊस संपून जमीन अशी कडक झाली होती की पाय आपटला तर आवाज येत होता.

सुरुवातीला गिरी मागच्या फळीत होता. चढाई त्यानं राखून ठेवली होती, मला दिसत होतं. देवरावकाका दोनदा म्हणाले, "जा गा आता." तो थांब म्हणाला. मी किती देवांना नवस बोलले ते विचारू नकोस, काहींची तर मला नीट ओळखही नाही.

मग ताराचंद आला. आपले दोन गडी दोन बाजूंनी त्याच्यावर धावले, एकानं कंबर धरली, एकानं पाय, आणि ताराचंद उताणा आपटला. डोकं जमिनीवर. तो आवाज मी कधी विसरणार नाही.

लगेच लोटा आला. कन्हानचे लोक धावले, आपले धावले. थापा, पाणी, आणि दोन्हीकडून एकच ओरडा, "दम घे ताराचंद, दम घे!" ताराचंद उभा राहिला. त्याच्या छातीतून असा हुतूतूतू निघाला की टाळ्या पडल्या. कन्हानवाले नाचायला लागले. "गडी तयार आहे! चढाई द्या त्याले!"

गिरी त्याच्या समोर उभा होता. त्याच्या तोंडाकडे पाहत होता. मी गिरीकडे पाहत होते. त्याचा चेहरा पांढराफटक पडला, जणू भूत पाहिलं.

त्यानं ताराचंदचा हात धरला. "हा नाही खेळत," म्हणाला. "याले बसवा."

मग जो गोंधळ झाला! कन्हानचे म्हणे, हा डाव आहे, आमचा कप्तान काढून ढाल न्यायची आहे. एकानं गिरीची गचांडी धरली. आपलीच पोरं म्हणाली, "त्याच्याच मनानं खेळते तं खेळू दे नं, तुले काय करायचं?" देवरावकाका ओरडले, "गिरी, दम आला त्याले! मी ऐकला!"

"मले बी आला होता काका," गिरी म्हणाला. एवढ्या मोठ्यानं की ओट्यावर ऐकू आलं. "नागपंचमीले तुमीच ऐकला. मंग मी तीन गडी बाद केले. तुमच्या सगळ्याइले आठवते. मले नाही आठवत. काहीच नाही. कोणत्या बाजूनं गेलो, ते बी नाही. दोन महिने मी तुमच्यासोबत खोटं हसून राहिलो. हा आत्ता इथं नाही आहे काका. त्याच्या डोळ्यात पाहा. मी बी असाच दिसत होतो नं?"

मग गिरीनं ताराचंदला विचारलं, "भाऊ, आज कोणता सण आहे?" ताराचंद त्याच्याकडे पाहून हसला, आणि सांगता येईना म्हणून आणखी हसला. तेव्हा त्याचे लोक मागे सरले. तरी एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमचा भारी गडी गेला आणि तुमचा राहिला. हा कुठला न्याय?"

मारोती, त्या क्षणी गिरीनं आपल्या बाजूच्या मैदानाकडे एकदा पाहिलं. मला कळलं तो काय पाहतोय. त्याची ती चढाई तिथे होती, अजून न केलेली. मग म्हणाला, "तो बसते तं मी बी बसतो." आणि ताराचंदला धरून रेघेबाहेर आला.

बाबा उठले. खांद्यावरचं उपरणं ओलं केलं आणि ताराचंदच्या डोक्यावर घातलं. दोघांना कडुनिंबाखाली नेऊन बसवलं आणि स्वतः उन्हाच्या बाजूला बसले. मी ओट्यावरून उतरले. रंभाबाई माझा हात घट्ट धरून होती. म्हणाली, "दोन वर्षं आधी कोणी असं केलं असतं तं, बाई." मी नुसती तिच्याजवळ उभी राहिले.

सामना पुढे झाला. झाडाखाली ताराचंद थोड्या थोड्या वेळानं विचारी, "कोण जिकून राहिलं गा?" आणि गिरी दर वेळी नव्यानं सगळं सांगे, न कंटाळता, आणि दर वेळी कन्हानचे गुण थोडे वाढवून. ढाल खरंच कन्हानला गेली, त्यामुळे ते खोटंही शेवटी खरंच झालं. डॉक्टर मनोहररावांना ह्यांनी टांगा करून आणलं. ताराचंदला त्यांनी काल स्वतःकडेच ठेवून घेतलं. आज सकाळी त्याला सण आठवला, आईचं नावही आठवलं. महिनाभर खाणीत उतरायचं नाही असं बजावलं आहे. गिरीलाही तपासलं. म्हणाले, हा बरा होतो आहे, आता घाई केली नाही तर पूर्ण बरा होईल.

काल संध्याकाळी सोनं वाटायला देवरावकाका घरी आले. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "बाई, ज्याच्या डोक्याले लागलं तो त्या दिवशी बाहेर. दम येवो का न येवो. कन्हानवाल्याइले बी पटलं." मी त्यांना वाकून नमस्कार केला. मला वाटलं होतं मी काहीतरी खोचक बोलेन.

मग ते बाबांना म्हणाले, "पण पोट्ट्याइले डोकं वाचवून पकड कशी कराची ते कोण शिकवन? सगळे झेपा घेतात." बाबा म्हणाले, "मारोतीची पकड होती नं तशी. खालून, घोट्याले, डोकं बाजूले ठेवून. कोणाले खरचटलं नाही कधी." आणि माझ्याकडे वळून, "लिहून टाक त्याले. दिवाळीले ये म्हणा. सोनं घेऊन लहान्यानंच यायाचं असते, मी का बऱ्हाणपूरले जाऊ?"

तर दिवाळीला ये. गिरणीतून सुट्टी मिळत नसेल तर मी साहेबाला कार्ड लिहिते, मला आता तशी भाषा येते.

पत्र इथे संपवणार होते, पण गिरी चिवडा टाकून उठला आणि माझ्या खांद्यावरून वाकून म्हणतो, अजून एक लिही. तुझ्या त्या पाकिटाचं उत्तर त्यानं अजून दिलं नाही ना. तो सांगतो तसं लिहिते:

"दादाले सांगजो, दसऱ्याले मी एकबी चढाई केली नाही. पण अख्खा दिवस मले आठवते."

तुझी बाई,
पंचफुला